केसवाले चाचा

नारायणगावच्या स्टँडमागं ज्यांचं फोटोचं दुकान होतं, त्या चाचांची एक खोड. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, आधी केसांकडं बघायचे. मी गेलो की म्हणायचे, "या पावणं! टक्कल घेऊन आलात, माझं काम वाचलं."

फोटोतल्या माणसाच्या मागचं सगळं काढून तिथं दुसरं काही लावायचं, हे त्यांचं काम. बाकीचे डोक्याभोवती गोल कापून मोकळे होतात. माणूस हेल्मेट घातल्यासारखा दिसतो. चाचा कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून एकेक केस सोडवत बसायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "डोकं हाय राव, नारळ न्हाई सोलून द्यायला." वारूळवाडीच्या एका नवरदेवाचा बॅनर वरात गेल्यावर लागला. शिव्या खाल्ल्या, खोड काही गेली नाही.

माझी बायको वारली तेव्हा दहाव्याला ठेवायला फोटो नव्हता. पोराच्या मोबाईलात एकच होता, टोमॅटोच्या वावरातला. वारा सुटलेला, केस तोंडावर, मागं बांबू आणि तारा. पोरगा म्हणाला, "चाचा, डोक्यावर पदर लावून टाका. केसांची कटकटच नको." असा तयार पदर दुकानातल्या कॉम्प्युटरवर असतोच. गेलेल्या बहुतेक बायांना तोच लावतात.

चाचांनी मला विचारलं, "भाभी पदर घ्यायच्या का?"

"रानात कधीच नाय. मी म्हणायचो, झिपऱ्या बांध. तर म्हणायची, तुमच्या डोक्यावर न्हाईत म्हणून जळता."

चाचा हसले. "पदर लावला तर आत्ता देतो. केस सोडवायचे तर दहाव्याच्या सकाळी. तुमी सांगा."

"केस," मी म्हणालो. पोरगा रागानं बाहेर गेला.

दहाव्याला घाटावर सगळी मांडणी झाली, फोटोची जागा तेवढी रिकामी. भावकी माझ्याकडं बघत होती. तेवढ्यात चाचा स्कूटरवरून फ्रेम घेऊन आले. बायकोची थोरली बहीण हार घालायला पुढं झाली आणि हार हातातच ठेवून काचेवर बोट फिरवायला लागली. कपाळावरची बट मागं सारत होती. मग रडली. मलाही रडू आलं ते तेव्हाच.

ह्या उन्हाळ्यात चाचा गेले. मी मातीला गेलो होतो. दुकानात आता दुसराच बसतो. नातीचा फोटो त्याच्याकडं काढला, तर बटण दाबून त्यानं पोरीच्या कुरळ्या केसांचा काठ पार उडवला. मी फोटो परत दिला.

"बाबा, एवढं कोण बघतं?" दुकानवाला म्हणाला.

"मी बघतो. बस आणि सोडव."