पिवळी रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आबांना नाही, होस्टेलवर शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मित्रालाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही, वेळा खूप आल्या. प्रत्येक वेळी गप्प बसलो. आणि गप्प बसणं हळूहळू इतकं अंगवळणी पडलं, की कधी कधी मलाच वाटायचं, तसं काही झालंच नव्हतं.

झालं होतं.

एक आधीच सांगून ठेवतो. वाचताना माझी बाजू घेऊ नका. "साध्या घरातलं पोरगं, पहिल्यांदाच शहरात आलेलं, घाबरलं असेल" असलं काही म्हणू नका. घाबरलो होतो, खरं आहे. पण माझ्यासारख्या घरांतून आलेली पोरं आमच्या वर्गात कितीतरी होती. त्यांनी असं केलं नाही. मी केलं.

मी नेसरीकडचा. आबा दुधाचा टेम्पो चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोल्हापुरात मेकॅनिकलला आलो, आणि पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. सर इंग्रजीत विचारायचे, उत्तर डोक्यात मराठीत तयार असायचं, ते तिकडं नेईपर्यंत दुसऱ्या कुणी तरी दिलेलं असायचं. वर्कशॉपमध्ये मात्र बोलावं लागत नव्हतं. तिथं माझे हात बरे चालायचे. म्हणून वर्कशॉपच्या सरांनी मला गाडीच्या टीममध्ये घेतलं.

गाडी म्हणजे — एका माजी विद्यार्थ्यानं कॉलेजला दिलेली स्पोर्ट्स कार. ही विकत मिळते तीच सुट्या भागांत, आपण जोडायची. नळ्यांचा सांगाडा, वरून फायबरची हलकी बॉडी, दोनच सीट, आणि सीटांच्या मागं एका जुन्या छोट्या कारचं इंजिन. त्यानं अर्धीच जोडून सोडून दिली होती. आम्ही ती पुरी केली, पळवली, आणि तिची खोड कळली. वळणावर तिचा मागचा भाग पोहायचा. स्टिअरिंग सरळ धरलं तरी मागची चाकं आपल्याच मनानं थोडी तिरकी व्हायची. सर म्हणाले, मग आता नुसती जोडून भागायचं नाही, डिझाइनच सुधारायचं. वजन कमी करायचं आणि हे पोहणं थांबवायचं.

ते कसं थांबेल हे सुप्रियानं शोधलं.

सुप्रिया माझ्यापेक्षा एक वर्ष पुढं होती. पेठ वडगावची, घरचं कापडाचं दुकान. मागच्या चाकाला धरून ठेवणारी जी दांडी असते, ती सांगाड्याला ज्या ब्रॅकेटवर बसते, तोच ब्रॅकेट वाकतोय, असं तिनं दाखवून दिलं. मूळ डिझाइनमध्ये तिथं एकच जाड पत्रा होता, बोल्ट त्याच्यातून एका बाजूला बाहेर आलेला. तिनं दोन पातळ पत्रे घेतले आणि बोल्ट दोन्हींच्या मध्ये धरला. भरलेली घागर एका हातानं लांब धरणं आणि दोन हातांत धरणं, एवढाच फरक. वजन कमी झालं आणि पकड वाढली. मला ते चित्र बघितल्याबरोबर पटलं. इतकं साधं आपल्याला का सुचलं नाही, असंही वाटलं.

तिला पुढं गाड्यांचं डिझाइनच शिकायचं होतं. वडिलांना, तिच्या आप्पांना, ते पसंत नव्हतं. पोरीनं लोखंडात हात घालून काय मिळवायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी सांगितलं होतं — तुझी ती गाडी पळताना बघतो, मग ठरवतो. हे ती हसत हसत सांगायची, पण टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं की हे हसण्यावारी न्यायचं नाही.

आता माझं काम सांगतो. ब्रॅकेट बसवणं आणि नट आवळणं. त्यासाठी टॉर्क पाना असतो. ठरलेला जोर लागला की तो 'कट्ट' वाजतो. वाजला की पिवळ्या पेंट-पेननं नटावरून पत्र्यावर एक सरळ रेघ मारायची. नट नंतर जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ असेल तो नट कुणी परत तपासत नाही. आमच्या टीममध्ये तर माझी रेघ बघितली की लोक पुढच्या कामाला लागायचे. सर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ह्याची रेघ म्हणजे रेघ." इंग्रजी न येणाऱ्या पोराचं त्या टीममध्ये जे काही वजन होतं, ते तेवढंच.

पळवायचा मुहूर्त दसऱ्याचा ठरला. सीमोल्लंघनाला गाडी बाहेर काढू, असं सरांच्या मनात होतं. सुप्रियाचे वडील सकाळी तेवढ्यासाठी येणार होते. दसऱ्याच्या दिवशी कापड दुकानदारानं दुकान सोडून यायचं — कळतंय ना, त्यांनी तिचं किती मनावर घेतलं होतं?

अष्टमीच्या संध्याकाळी मी दोन्ही ब्रॅकेट बसवले. नट हातानं फिरवून ठेवले. आवळणं तेवढं उद्यावर टाकलं आणि राजारामपुरीत गेलो, शर्ट घ्यायला. होय, शर्ट. दसऱ्याला सगळ्यांसमोर गाडीपाशी उभं राहायचं होतं, आणि माझ्याकडं वर्कशॉपचे डाग नसलेला एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हे मी विसरलोच कसा? ज्याच्या घरी त्या दिवशी टेम्पो धुऊन हार घालतात, त्यानं विसरावं? वर्कशॉपमध्ये गेलो तर सगळी हत्यारं लाल कापडावर मांडलेली. पाने, हातोडे, करवती, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूची फुलं. मधोमध आमचा एकुलता एक टॉर्क पाना. वर्कशॉपचे मामा सगळ्यांना बजावत होते, "उद्या गाडी भाईर पडली की मगच हत्यार उचलायचं. तवर कुणी हात लावायचा न्हाय."

देवाला यात आणू नका. मी मामांना बाजूला घेऊन म्हणालो असतो, "मामा, नट आवळायचे राहिलेत," तर त्यांनी हात जोडले असते आणि पाना कुंकवासकट माझ्या हातात दिला असता. त्यांना मी ओळखतो. पण मग सगळ्यांसमोर कळलं असतं — काम टाकून हा शर्ट आणायला गेला होता. म्हणून बोललो नाही. हात जोडून आरतीला उभा राहिलो.

दसऱ्याला सकाळी लवकर गेलो. माझ्या सॅकमध्ये एक साधा पाना राहिला होता, पूजेत न गेलेला. त्यानं उजव्या बाजूचा नट अंदाजानं आवळला. डाव्या बाजूला बोल्टचं डोकं नळीच्या मागं जातं; ते धरायला गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं. फरशीवर ऑइल होतं. अंगात नवा शर्ट होता. काढून ठेवता आला नसता का? आला असता. पण बाहेर मोटारसायकली थांबत होत्या, आवाज येत होते, आणि मी नुसताच उकिडवा बसून होतो. तेवढ्यात सुप्रियाची चाहूल लागली.

पेन माझ्या खिशात होतं. पेन कुणी हत्यारात धरत नाही, ते पूजेत गेलं नव्हतं. मी हात आत घातला आणि बोटांनी फिरवलेल्या त्या नटावर रेघ ओढली. सरळ, नेहमीसारखी.

ती वाकून बघत म्हणाली, "झालं का रे?"

"झालं की," मी म्हणालो.

त्या 'की'चं मला आजही नवल वाटतं. नुसतं 'झालं' म्हणालो असतो तर कदाचित तिनं अजून काही विचारलं असतं. 'झालं की' म्हटल्यावर आमच्याकडं विषय संपतो.

गाडी तीच चालवणार होती. कॉलेजच्या आतल्या रस्त्यावर पहिली फेरी सावकाश झाली आणि वळणावर मागचा भाग जागचा हलला नाही. मी बघत होतो, जराही पोहला नाही. तिनं खिडकीच्या जागेतून हात बाहेर काढून अंगठा दाखवला. तिचे वडील हात मागं बांधून उभे होते, ते हसले. दुसरी फेरी तिनं वेगात घेतली. मैदानाकडच्या वळणावर डावं मागचं चाक दुमडलं, गाडी गर्रकन फिरली आणि कुंपणाच्या भिंतीला जाऊन लागली. वडील धावले. जाडजूड माणूस, एक चप्पल रस्त्यातच राहिली.

तिचं उजवं मनगट मोडलं. बाकी काही नाही. "बाकी काही नाही" असं तेव्हा सगळेच म्हणत होते.

सरांनी मला पडलेले तुकडे गोळा करायला सांगितलं. मी रस्त्यानं मागं चालत गेलो. वळणाच्या बराच अलीकडं, सरळ रस्त्यावर, नट पडलेला होता. आटे शाबूत, कुठं ओरखडाही नाही. पत्रा फाटून बोल्ट सुटला असता, तर नट बोल्टवरच राहिला असता. म्हणजे नट आधीच गळून पडला होता, मग बोल्ट सरकला, मग दांडी सुटली, आणि सुटताना तिनं पत्रा फाडला. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी नट उचलला आणि खिशात घातला. नंतर वर्कशॉपमधल्या नटांच्या डब्यात टाकून दिला. त्यातला तो कुठला, हे आता मलाही सांगता येणार नाही.

सर ब्रॅकेट हातात घेऊन बघत होते; बोल्ट कुठं उडाला, कुणाला सापडला नव्हता. भोक एका बाजूनं फाटलेलं, आणि पत्र्यावर माझी अर्धी पिवळी रेघ शिल्लक. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. "रेघ हाय की. म्हणजे नट आवळलेला होता. पत्राच गेला. एवढा पातळ करायला कुणी सांगितलं होतं?"

माझी रेघ पुराव्याला उभी राहिली. मी शेजारी उभा होतो.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात सुप्रियाला भेटायला गेलो. हात प्लास्टरमध्ये. तिनं मला एवढंच विचारलं, "तू आवळलेला ना?" मी मान हलवली. तिनं नजर छताकडं वळवली. मग म्हणाली, "मग माझंच कुठंतरी चुकलं असणार."

तेव्हा सांगायचं होतं. ती खोली, ती खुर्ची, ते वाक्य — याहून सोपी जागा कुणाला मिळाली असती? मी म्हणालो, "काळजी घे," आणि निघालो.

नंतर ती डाव्या हातानं आकडेमोड करत बसायची. परत परत. चूक सापडायची नाही, कारण नव्हतीच. वडील म्हणाले, "आता बास." ती बास झाली. शेवटच्या वर्षी गाडीकडं फिरकली नाही, आणि कॅम्पसमध्ये मिळालेली सॉफ्टवेअरची नोकरी घेऊन पुण्याला गेली. आम्ही जुना जाड ब्रॅकेट परत लावला. गाडी परत पोहायला लागली.

एवढंच असतं तर पेठ वडगावच्या एका पोरीचं मी नुकसान केलं, एवढं लिहून थांबलो असतो. पण यंदा मी टीमचा प्रमुख झालो. आणि मी तिचा ब्रॅकेट परत बनवला. सरांनी विचारलं, "पत्रा जाड केलास न्हवं?" मी मान हलवली. खोटं. केसाएवढाही जाड केलेला नाही. तीच मापं, तेच दोन पातळ पत्रे, तेच भोक. फरक एवढाच की या वेळी मी गाडीखाली झोपलो आणि 'कट्ट' ऐकल्याशिवाय उठलो नाही. गाडी वळणावर रुळावर असल्यासारखी जाते. आणि वर्कशॉपमध्ये ज्युनिअर पोरं त्या ब्रॅकेटला माझ्या नावानं ओळखतात.

त्या डिझाइनबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. ते तेव्हाही बरोबर होतं. ज्याला शंका असेल त्यानं व्हर्निअर घेऊन यावं आणि मोजावं. मी नालायक निघालो म्हणून तो पत्रा नालायक ठरत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो. हे तुम्हाला सांगायच्या आधी तिला सांगायला हवं. एवढी साधी गोष्ट, पण इतकी पानं लिहिल्यावर सुचली. तिचा नंबर होता. लावला.

तिनं ओळखलं, "काय रे, आज आठवण कशी?" म्हणाली. मी पाल्हाळ लावला नाही. शर्ट, नट, रेघ, खिसा, डबा, यंदाचा ब्रॅकेट, सगळं सांगून टाकलं. तिकडं ऑफिसातले आवाज येत होते. नंतर ते कमी झाले. ती उठून कुठं तरी बाहेर गेली असावी.

"म्हणजे पत्रा आधी गेला नव्हता," ती म्हणाली.

"नाही. नट आधी गेला."

"आता वळणावर कशी जाते?"

"अजिबात पोहत नाही."

मग तिनं सावकाश विचारलं, "मी आप्पांना काय सांगू रे आता?" उत्तर तिनं माझ्याकडं मागितलं नव्हतं बहुतेक. "ठेवते," म्हणाली, आणि ठेवला.

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती द्यायची की नाही हे एक नवीन ओझं तिच्या डोक्यावर आलं असतं, आणि माझी ओझी तिनं पुष्कळ वाहिली आहेत.

उद्या वर्कशॉपमध्ये सरांसमोर, मामांसमोर, सगळ्या पोरांसमोर हेच सांगणार आहे. टीममधून काढलं तर काढू देत. शब्द जमवून ठेवले आहेत, फार लागत नाहीत. ब्रॅकेट सुप्रियाचा होता. नट माझा होता.