टाळीसरांची सही

आमच्या खेळाच्या सरांना शिट्टी वाजवता येत नसे. तरुणपणी कबड्डीत कुणाचा तरी गुडघा तोंडावर बसून त्यांचे पुढचे दोन दात गेले होते. शिट्टी तोंडात धरली की नुसता वारा निघायचा. म्हणून ते टाळी वाजवत. टाळीही अशी, की मैदानाशेजारी चरणारी गुरं मान वर करून बघत. कॉलेजच्या हजेरीपटात त्यांचं नाव काय होतं हे निम्म्या पोरांना माहीतच नव्हतं. आमचे ते टाळीसर.

सर लोधिवलीचे. प्राचार्यांसमोर ते अगदी छापील मराठी बोलत, पण मैदानाच्या चुन्याच्या रेषेत पाय पडला की गावची भाषा सुरू. कर्जतचं आमचं कॉलेज तेव्हा नवं होतं, डोक्यावर पत्रे होते आणि ग्रंथालय एका कपाटात मावत होतं. मात्र कबड्डीचा संघ असा होता, की भल्याभल्यांनी धसका घ्यावा. सगळी भातशेतीवरची पोरं, मांड्या खांबासारख्या. अडचण एवढीच, की संघ परीक्षेत दरवर्षी बाद व्हायचा. नापास पोराला खेळता येत नाही असा नियम होता, आणि सरांचं नेहमीचं वाक्य होतं, "पायात जोर हाय रं, पन पेपर काय पायानं लिवत नाय."

यावर सरांनी स्वतःचा उपाय काढला. सरावात चढाईला जाताना 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं नाही, अर्थशास्त्राचा एक नियम म्हणायचा. एका दमात, न चुकता. चुकला तो बाद. त्या मैदानावर आम्ही "किंमत वाढली की मागणी घटते, किंमत वाढली की मागणी घटते" असं घुमत एकमेकांच्या तंगड्या ओढत असू. माझा मित्र बाळ्या तर एकदा खऱ्या सामन्यात सवयीनं मागणी घटवत पुढे गेला. पंचांनी त्याला तत्काळ बाहेर काढलं. आम्ही कपाळावर हात मारला. सर मात्र खुशीत होते. "बाद झाला तर झाला," ते म्हणाले, "पास व्हईल बघा त्यो." आणि बाळ्या झाला.

माझं शेवटचं वर्ष होतं. संघाची निम्मी भिस्त माझ्या चढायांवर होती. हे मीच सांगतो आहे खरं, पण तेव्हा सगळेच म्हणत. जुलैत आमच्या पोशीरला लावणी सुरू झाली. लावणीत आमच्याकडे सावड असते. आज आम्ही तुमच्या शेतात राबायचं, उद्या तुम्ही आमच्या. आम्ही पोरांनी तीच रीत वर्गात नेली होती. माझ्या लावणीत बाळ्या माझी हजेरी देणार, त्याच्या लावणीत मी त्याची. यात काही लबाडी आहे असं खरोखरच कुणाच्या मनात आलं नाही. फक्त बाळ्याची लावणी दोन दिवसांत उरकायची आणि आमची महिना खायची.

आठ दिवस मी सरावाला दिसलो नाही तेव्हा सर सायकल मारत थेट पोशीरला आले. मी गुडघाभर चिखलात. सर बांधावर उभे राहिले.

"आज अर्थशास्त्राचा तास हाय ना रं?"

"हाय सर."

"मंग तू कुटं हायस?"

"हितं हाय."

"आन् वर्गात?"

मी जरा विचार केला. "तितंबी हाय."

"येका टायमाला दोन जागी? द्येव झालास का काय?"

आईनं त्यांना चहा दिला. तो पिऊन, भाताचं कौतुक करून ते निघून गेले. मला वाटलं, मिटलं.

दिवाळीनंतर संघाचे फॉर्म आले. त्यात एक ओळ होती, की मी स्वतः वर्गात हजर राहून सत्र पूर्ण केलं आहे. हजेरीपटावर तर बाळ्याच्या कृपेनं मी आदर्श विद्यार्थी होतो. सरांनी माझा फॉर्म टेबलावर ठेवला. खाली त्यांची सही आधीच झालेली होती. "वरचं तुजं तू लिव," म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी मनात म्हटलं, हा सापळा आहे. म्हातारा परीक्षा बघतोय. खरं लिहिलं तर पाठ थोपटेल आणि खेळवेल, शाळेच्या पुस्तकातल्या गोष्टीसारखं. मी लिहिलं की लावणीचे दिवस मी शेतात होतो, हजेरी दुसऱ्यानं दिली. सरांनी ते दोनदा वाचलं. "अक्षर सुधारलंय," एवढंच म्हणाले आणि यादीतून माझं नाव कापलं. बाळ्याची स्वतःची हजेरी भरत होती म्हणून तो वाचला, पण सामन्यांपर्यंत रोज मैदान झाडायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

शील्डच्या स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. मी रेषेबाहेर पाण्याची बादली धरून बसलो होतो. पुन्हा कधी मला कॉलेजसाठी खेळता येणार नव्हतं, आणि ते दुःख मी बरीच वर्षं सरांच्या नावावर जमा करत राहिलो. बी.ए. झालो, साजगावच्या एका कारखान्यात चिकटलो, पण सर रस्त्यात दिसले की वाट बदलायचो.

सर फार आजारी आहेत असं बाळ्यानं कळवलं तेव्हा मात्र लोधिवलीला गेलो. खाटेवर सर अर्धे झाले होते. मी न राहवून विचारलंच, "सर, एवढी कठोर परीक्षा कशाला घेतलीत माझी?"

"परीक्षा?" सरांनी उशीवरून मान उचलली. "कसली परीक्षा रं? मला शील्ड पायजे व्हती. उमरभर येकबी नाय मिळाली. भायेर उभा राहून मनात म्हनत व्हतो, लिव रं बाबा, हजर लिव. म्हून तर सही आदीच करून ठ्येवली व्हती."

"मग नाव कापलंत का?"

"तू खरं लिवलंस. मंग मी काय करनार?"

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. म्हटलं, "सर, मी तर तुम्ही परीक्षा बघताय म्हणून खरं लिहिलं. नाहीतर हजरच लिहिणार होतो."

सर दात नसलेल्या तोंडानं खूप वेळ हसले. मग थांबले आणि माझा हात धरून म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी आपल्या दोगांतलं येकबी मानूस खरं बोलायला तयार नव्हतं. तरी फॉर्म खराच ग्येला की रं."

त्यांचा हात मी बराच वेळ सोडला नाही. इतकी वर्षं मी वाट बदलून वाया घालवली याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात सर गेले.