स्टुडिओच्या काचेतला फोटो

तिला पदर बाजूला करायला मीच लावलं, चूक माझीच. दुष्काळाच्या साली धुळ्याच्या स्टेशनबाहेर ती तोंड झाकून भीक मागत होती. "अक्का, चेहरा दिसू दे," म्हणालो आणि पसरलेल्या हातासकट फोटो काढला. चांगला आला म्हणून माझ्या स्टुडिओच्या काचेत लावला. गावी तिने खडी फोडायला जाते असं सांगितलं होतं. बाजाराला आलेल्या तिच्या मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याने तिला फोटोत ओळखलं.

काही दिवसांनी ती माझ्या पायरीशी आली. आता तोंड उघडंच होतं.

"भाऊ, मन्ही पोरनी सोयरीक तुटी गई."

मी फोटो काढून तिला दिला, निगेटिव्ह कातरली.

"आते येनं काय करू?" फोटो पुढे धरून ती म्हणाली.

"चुकलो, अक्का," मी म्हणालो.