धुक्यात टाकलेला बार

आसामामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. बार्निगॅटच्या खाडीवर जन्मला आणि खाडीवरच म्हातारा झाला. माझ्या आठवणीत सलग तीन दिवस तो खाऱ्या वाऱ्यापासून लांब राहिला तो एकदाच, दाढा काढायला फिलाडेल्फियाला गेला तेव्हा. परत आल्यावर म्हणाला, दाढांपेक्षा तिथल्या हवेनेच जास्त दुखलं.

उन्हाळाभर तो लांब दांड्याच्या दाताळ्याने खाडीच्या तळातून तिसऱ्या शिंपल्या उपसायचा. थंडी पडली की बदकं. शहरातले हौशी शिकारी यायचे, त्यांना खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत न्यायचं, पाण्यावर लाकडी बदकं सोडून खरी बदकं खाली उतरवायची, आणि पाहुण्याचा नेम चुकला की वाऱ्याला दोष द्यायचा. मधल्या रिकाम्या दिवसांत तो ती लाकडी बदकं कोरत बसायचा. चाळीस घरांच्या आमच्या गावात त्याच्यासारखी मान कुणाला कोरता येत नसे. बंदुकीच्या बाबतीत मात्र तो फार कडक. मला नेम धरायला त्यानेच शिकवलं, आणि पहिला धडा बंदूक हातात न देताच दिला: काय आहे ते दिसलं नाही, तर बार टाकायचा नाही. एका श्रीमंत पाहुण्याने आवाजाच्या रोखाने बार टाकला, तेव्हा मामाने त्याची बंदूक काढून घेतली आणि शिकार अर्धी टाकून त्याला किनाऱ्यावर आणून सोडलं.

गावात त्याचं फक्त एका माणसाशी वाकडं होतं, जोब रिजवेशी. दोघं लहानपणापासूनचे सोबती. पण चाळीस साली एका वादळात मामाची लाकडी बदकं वाहून गेली, आणि त्याच हिवाळ्यात जोबच्या ताफ्यात सहा नवी बदकं दिसली. रंग जोबच्या हातचा होता, मान मामाच्या हातची. मामाने चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, त्याला चोर म्हटलं. जोब म्हणाला, मला ती चिखलात सापडली, रंग उडालेला होता, कुणाची आहेत ते त्यांच्यावर लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. धक्क्यावर शेजारी उभे असले तरी मामा मला म्हणायचा, "जोबला सांग, त्याची होडी माझ्या खुंटाला घासतेय." आणि जोब मलाच म्हणायचा, "त्याला म्हणावं, खुंट हलव."

एकावन्न सालच्या डिसेंबरात तीन दिवस पूर्वेचा वारा लागला. असा वारा लागला की समुद्र खाडीत घुसतो आणि ओहोटीलाही पुरता बाहेर जात नाही, खाजणातलं गवत पाण्याखाली जाऊ लागतं. चौथ्या दिवशी वारा पडला, हवा अवचित उबदार झाली आणि धुकं उतरलं. त्या दिवशी मामाकडे पाहुणा नव्हता. घरी खायला दोन बदकं आणावीत म्हणून तो एकटाच निघाला. आमच्याकडे शिकारीची होडी असते ती बुटकी, चपटी, वरून झाकलेली. आम्ही तिला पेटी म्हणतो. पेटीवर खाजणातलं गवत पसरून माणूस आत आडवा झाला, की दहा पावलांवरूनही नुसता गवताचा पुंजका दिसतो.

मामाने आपली लाकडी बदकं मांडली आणि पेटीत पडून राहिला. तास गेला, दीड तास गेला. मग उजव्या हाताला पंखांचा आवाज आला आणि धुक्यातून चार काळी बदकं आली, अगदी पाण्याला लागून. मामा उठून बसला आणि त्याने बार टाकला. पुढे कधी तरी त्याने मला सांगितलं, की त्या क्षणी बदकं दिसली होती, पण बदकांच्या मागे काय आहे ते दिसत नव्हतं. हे त्याला बोटाने चाप ओढायच्या आधी कळलं होतं, आणि तरी बोटाने तो ओढला.

बाराच्या पाठोपाठ धुक्यातून माणसाची आरोळी आली. एकच. मग काही नाही.

मामाने हाक मारली. उत्तर आलं नाही. त्याने वल्ही घेतली आणि आवाजाच्या दिशेने निघाला. शंभरेक हात गेल्यावर समोर गवताचा पुंजका तरंगत आला. ती पेटी होती आणि तिच्यात कुणी नव्हतं. एका बाजूचं गवत छर्‍यांनी फाटलं होतं, बरोबर जिथे आडव्या माणसाचं डोकं असतं तिथे. लाकडात सात भोकं होती, ती त्याने मोजली. आत बंदूक होती, चहाची बाटली होती, दोन मेलेली बदकं होती, एक लोकरीचा हातमोजा होता आणि फळीवर रक्त होतं. पेटी जोबची होती.

मामा मला म्हणाला, "रक्त बदकांचंही असू शकतं, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मला ते जोबचंच दिसलं."

आपल्या हातून काय झालंय आणि गाव काय म्हणेल, हे दोन्ही विचार त्याला एकदमच आले. अकरा वर्षांचं वैर, निर्जन खाजण, धुकं. मुद्दाम मारला म्हणतील. आणि मग तिसरा विचार आला, तोही त्याने माझ्यापासून लपवला नाही. कुणी पाहिलं नव्हतं. दर चार-पाच वर्षांनी खाडी एखाद्याला घेतेच. जोबची बायको वारलेली, मुलगी लांब बॉस्टनला. संध्याकाळपर्यंत त्याची आठवणही कुणाला झाली नसती. पेटी प्रवाहाला सोडून दिली असती तर ती कुठेतरी लागली असती आणि लोकांनी माना हलवल्या असत्या.

"तो विचार आला आणि बराच वेळ बसला," मामा म्हणाला. "मी त्याला ऊठ म्हणालो नाही. मग मी जोबची पेटी माझ्या पेटीला बांधली. बांधल्यावर तो गेला."

बांधल्यावर मामा शोधायला लागला. आधी त्याने पाण्यात वल्हं घालून तळ चाचपला, पेटी सापडली त्या जागेभोवती, पुन्हा पुन्हा. काही लागलं नाही. माणूस जखमी होऊन गवतात चढला असेल, असं धरून मग तो खाजणातल्या एकेका ओघळात शिरू लागला. वाळूच्या पट्टीपलीकडे समुद्र गरजत होता, तेवढ्या आवाजावर पूर्व कुठे ते त्याला कळत होतं. दर पन्नास वल्ह्यांनी तो थांबायचा आणि ज्या नावाला अकरा वर्षं तोंडात जागा दिली नव्हती ते नाव घेऊन ओरडायचा. मग उजवा कान पुढे करून ऐकायचा, कारण डावा कान बंदुकांनी कधीच नेला होता. पुन्हा भरती लागली होती. मागच्या भरतीचं पाणी अजून उतरलेलंच नव्हतं, त्यावर ही. बघता बघता गवताची टोकं बुडत होती. असे दोन तास गेले. घसा बसला. शेवटी शेवटी तो नावाऐवजी नुसताच ओरडत होता.

मग त्याला बदक ऐकू आलं.

उत्तरेकडून, लांबून. तीन वेळा ओरडलं, थांबलं, पुन्हा तीन वेळा. मामाने वल्ही पाण्यातच धरून ठेवली. बदकाला बोलवायची लाकडी पिपाणी आमच्याकडे प्रत्येकाच्या गळ्यात असते, पण जोब रिजवे ती वाजवायचा तेव्हा गावातली कुत्री उठून बसायची. दोघं बोलत होते त्या काळात मामाने त्याला शंभरदा ऐकवलं असेल, की तुझं ऐकून बदकं येतात ती दया येऊन. धुक्यातलं हे बदक तसंच ओरडत होतं. इतकं वाईट ओरडणारं बदक देवाने केलेलं नाही.

मामा वल्ह्यांवर तुटून पडला. थोड्या वेळाने धुक्यातून एक जुना खुंट दिसला, कुणाच्या तरी शिकारीच्या मोडलेल्या आडोशाचा, आणि खुंटाला मिठी मारून उभा असलेला जोब. पाणी त्याच्या मांड्यांच्या वर गेलं होतं, रबरी बूट कधीच भरले होते. तो ओठांत पिपाणी धरून होता आणि ओठ निळे पडले होते.

मामाने पेटी भिडवली, त्याला काखेत धरून आत ओढलं, आणि त्याचं डोकं चाचपायला लागला. मग मान, मग खांदे. मग त्याच्या कोटाची बटणं सोडायला लागला.

दात वाजत होते तरी जोब बोलला. "काय चाचपतोस? कोंबडी विकत घ्यायचीय का?"

"कुठे लागलंय तुला?"

"गारठा लागलाय. अजून काय लागणार?"

"रक्त येतंय का कुठे?"

"आसा, मला पाय आहेत की नाहीत तेच कळत नाहीये. रक्ताचं काय विचारतोस?"

मामा तिथेच फळीवर बसला. पुढची काही मिनिटं त्याला नीट आठवत नव्हती. जोबने मला सांगितलं, की आसा दोन्ही हात तोंडावर धरून बसला होता आणि मला वाटलं, ह्याला झटका आला, आता ह्याला घेऊन मलाच वल्हवावं लागणार.

झालं होतं एवढंच. जोबचं एक जखमी बदक गवतात पडलं, ते आणायला तो पेटीतून उतरला. नांगर टाकायचा आळस केला, पेटी नुसती चिखलात रुतवून ठेवली. पाणी चढलं, पेटी सुटली आणि धुक्यात निघाली. कुठेतरी बार झाला, आणि त्याच्या पाठोपाठच त्याने पेटीमागे आरोळी ठोकली. मामाचे छर्रे लागले ते त्याच्या रिकाम्या पेटीला. बंदूक पेटीत गेली, त्यामुळे इशाऱ्याचा बार टाकायची सोय उरली नाही. मामाची पहिली हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, आणि पुढच्या हाका ऐकू आल्या तोवर थंडीने त्याचा आवाज घशाबाहेर निघत नव्हता. उरली पिपाणी.

मामाने आपला कोरडा कोट त्याला घातला, चहा पाजला, आणि वल्हवताना, त्याच्याकडे पाठ असतानाच म्हणाला, "तुझ्या पेटीवर मी बार टाकला. काही न बघता टाकला."

मागे जोबने कोट गळ्याशी ओढून घेतला.

"मी आत नव्हतो," जोब म्हणाला.

"असतास तर?"

"असतो तर गेलो असतो. पण तू बार टाकला नसतास तर मला शोधायला आला नसतास, आणि मी अजून खुंटाला धरून उभा असतो. पाणी अजून किती चढणार होतं, तूच सांग. नसत्याचा हिशेब मला करता येत नाही. तू वल्हव." मग थोड्या वेळाने: "ती सहा बदकं. उचलली त्या दिवशी खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रंग खरवडायला घेतला आणि मान हाताला लागली, तेव्हा कळलं. तू चर्चच्या दारात चोर म्हणालास म्हणून नाही सांगितलं. घरी येऊन विचारलं असतंस तर दिली असती."

"घरी यायला हवं होतं," मामा म्हणाला.

हल्दामामीने दार उघडलं तर समोर दोघं, एकाच्या अंगावर दुसऱ्याचा कोट. जोबला चुलीजवळ बसवून त्याचे बूट कापून काढले आणि कोमट पाण्यात पाय ठेवून ती चोळत बसली. बोटांत रक्त फिरू लागलं तसा तो कळवळून शिव्या देऊ लागला, तेव्हा ती मामाला म्हणाली की आता भीती नाही. मग तिने तिसऱ्यांचं गरम कालवण तीन ताटल्यांत वाढलं. मामाने चमचा उचलण्याआधी तिला सगळं सांगितलं. बार, आरोळी, रिकामी पेटी, आणि मनात आलेला तो विचारही, जोबच्या समोर.

मामी ऐकत होती. संपल्यावर तिने जोबच्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबून, आत माणूस आहे ना हे पाहिल्यासारखा. मग म्हणाली, "जेवा. निवतंय."

त्या हिवाळ्यात मामाने डोळे तपासून चष्मा घेतला. खाडीवर धुकं असेल त्या दिवशी तो पाहुण्यांना घरी बसवून गोष्टी सांगायचा, आणि कुणी कुरकुर केली तर शांतपणे नाही म्हणायचा. जोबच्या पेटीची भोकं त्याने स्वतः बुजवली. दोघं एकमेकांशी बोलू लागले याचा अर्थ भांडणं थांबली असा नव्हे. आता ती माझ्यामार्फत होत नव्हती, एवढाच फरक. पुढे जोब गेला तेव्हा शवपेटीला पुढून खांदा मामाने दिला आणि मग आठवडाभर तो धक्क्यावर आला नाही.

एकदा मी त्याला विचारलं होतं, खुंटाशी जोब दिसला तेव्हा तुला काय वाटलं. मामा म्हणाला, लहानपणी एकदा तो खाडीच्या बर्फातून खाली गेला होता, आणि बापाने कॉलरला धरून वर काढलं होतं. अगदी तसं वाटलं. पण तो जोबला ओढत होता, जोब त्याला नव्हता, म्हणून हे कुणाला सांगायची त्याला लाज वाटायची.

धुक्याच्या त्या दिवशी जेवण झाल्यावर मामी ताटल्या उचलायला उठली आणि परत आली तर दोघंही झोपले होते. जोब खुर्चीत, पाय घोंगडीत गुंडाळलेले. मामा बाकावर, बुटांसकट. दुपारचे दोनही वाजले नव्हते. तिने मामाचे बूट काढले, चुलीत दोन लाकडं सरकवली आणि खिडकीशी शिवण घेऊन बसली. मला म्हणाली, दोघं घोरत होते, एक थांबला की दुसरा सुरू, आणि मला ते इतकं बरं वाटत होतं की संध्याकाळपर्यंत मी कुणाला उठवलं नाही.