अक्कांच्या हातावरचं नाव

आमच्या अमळनेर तालुक्यात कोकिळाअक्कांच्या वयाच्या बायांच्या हातावर देवाचं नाव गोंदलेलं असतं, भावाचं असतं, फार तर नवऱ्याचं. अक्कांनी उजव्या हातावर स्वतःचं नाव गोंदवून घेतलं. पोटरीएवढ्या जाड हातावर आडवं, ठसठशीत, भोवती वेल. डाव्या हातावर मोठा मोर. सासरी कुणी टोकलं की अक्का एवढंच विचारायच्या, "हात कोना शे?" हात कोणाचा आहे, इतका सरळ प्रश्न आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी कापसाच्या ट्रॉलीचा फाळका निसटला आणि त्याच हातावर आदळला. मी त्यांचा भाचा, मीच त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं, हात फुगत होता. डॉक्टर कामिनी म्हणाल्या, "आत सूज दाटली की स्नायूंना प्राणवायू मिळत नाही. वेळेवर चीर देऊन मोकळं केलं नाही तर हात कायमचा जातो." मग त्यांनी गोंदणावरच एक पट्टी चिकटवली. सुई नाही, टोचणं नाही. पट्टी कातडीतून उजेड आत सोडते आणि स्नायूला किती प्राणवायू पोचतोय ते पडद्यावर दाखवते. आकडा फारच खाली होता. बाई लगेच ऑपरेशनच्या तयारीला लागल्या.

अक्कांनी बोटं हलवून दाखवली आणि डावा हात पुढे केला. "आधी ह्या हातले लाव."

पट्टी मोरावर बसली. आकडा तितकाच खाली. अक्कांनी त्या धडधाकट हाताने डॉक्टरांचा पंजा असा आवळला की त्या "आई गं" म्हणाल्या.

"हाऊ हात मरी ऱ्हायना का?"

कामिनीबाईंनी मोराकडे पाहिलं आणि त्यांना हसूच आलं. गोंदणाची शाई उजेड अडवत होती. त्यांनी पट्टी काढून उजव्या हाताच्या कोऱ्या कातडीवर लावली. आकडा ठीक आला. आपली चूक त्यांनी सरळ कबूल केली, त्यामुळे मला रागावताही आलं नाही.

संध्याकाळी मात्र आकडा घसरायला लागला. तोवर अक्कांचे मोठे दीर पितांबरनाना गाडी घेऊन आले होते. त्यांना अक्कांना हाड बसवणाऱ्याकडे न्यायचं होतं; तो सूज असली तरी कामट्या लावून घट्ट बांधतो.

"यंत्र सकायले खोटं बोलनं," नाना म्हणाले. "आते खरं कसं?"

"सकायले बोटं हालत व्हतात. आते बधिर शेतस," अक्का म्हणाल्या. "यंत्र सांगस तेच हातबी सांगस."

नाना पेटले. घरातला मोठा मी, काय करायचं ते मी ठरवणार, म्हणाले. बरोबर आलेल्या भाऊबंदांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. मला संताप आला, पण बोलायची वेळ अक्कांनी येऊच दिली नाही.

"हात कोना शे, नाना?"

नाना गाडीची चावी खिशात घालून बाकावर बसले. कामिनीबाईंनी सांगितलं की चीर नावातूनच जाईल, ते चुकवता येणार नाही.

"जाऊ दे," अक्का म्हणाल्या. "नाव फाटी, हात ऱ्हाई."

हात राहिला. आता 'कोकि' एका बाजूला आणि 'ळा' दुसऱ्या बाजूला, मधून जाड व्रण. बाया म्हणाल्या, लांब बाह्यांचं पोलकं शिवा. अक्का पोलक्याच्या बाह्या आणखी वर सारून कापूस वेचतात.

यंदा जत्रेत मशीनने गोंदणारा बसला होता. त्याने अक्कांचा हात पाहिला आणि म्हणाला, "आजी, तुटलेलं नाव जोडून देतो."

अक्कांनी हात मागे घेतला. "तुटनं कोठे?"