जर्मन भट्टीची बाटली

मी बी.एस्‌सी. झालो तेव्हा आमच्या वाडीत माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. हे मी अभिमानानं सांगतो, आणि का सांगू नये? बाबांनी माडावर चढून, माडी उतरवून, भट्टी लावून मला शिकवलं. आम्ही जातीनं भंडारी. आरे-वाऱ्याच्या अलीकडे आमची माडांची बाग आणि तिच्या कडेला, व्हाळाच्या पाण्याजवळ, परवान्याची भट्टी. मी मात्र रत्नागिरीच्या एका हायस्कुलात सायन्सचा मास्तर झालो आणि वडील काय करतात असं कोणी विचारलं की ‘बागायत आहे’ म्हणून मोकळा व्हायला लागलो.

ते दारूच्या दुकानांसमोरच्या पिकेटिंगचे दिवस होते. दारूनं घरं बसतात हे मला दिसत होतंच. पण खरं सांगायचं तर मला दारूची तेवढी चीड नव्हती जेवढी भट्टीची लाज होती. एका रविवारी मी बाबांना सांगून टाकलं, आता भट्टी बंद करा, माझ्या पगारात भागतं. बाबा सुपारी कातरत होते. कातरून झाल्यावर म्हणाले, “बरं.” दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तर त्यांनी तांबटाला सांगूनही ठेवलं होतं, शनिवारी ये आणि तांब्याचा हंडा, वरचं टोपण, नळी, सगळं मोडीत घेऊन जा. हंडा आजोबांच्या वेळचा होता.

त्याच शनिवारी सकाळी चाचा आले. चाचा म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले. त्यांचा जन्म दर्यावर गेला. त्या वेळी ते एका जर्मन मालबोटीवर सारंग होते, खलाशांचे मुकादम. दोन वर्षांनी गावी आले होते. ओटीवर टेकले आणि पिशवीतून लुंगीत गुंडाळलेली लांब मानेची बाटली काढून त्यांनी बाबांसमोर ठेवली.

“घे. तुझ्या जातवाल्यानं धाडलान.”

“माझा जातवाला? जर्मनीत?” बाबा हसले.

“हसतोस काय मेल्या, ऐक तरी.”

बोटीच्या इंजिनावर एक तरणा जर्मन इंजिनिअर होता. त्याचं घर दर्यापासून लांब, डोंगराळ मुलखात. बाप शेतकरी, घराभोवती चेरीची झाडं आणि गोठ्याशेजारी भट्टी. चाचांनी एकदा त्याला आपल्या दोस्ताच्या भट्टीचं सांगितलं होतं. तो रजेवर घरी जाऊन आला तो चेरीच्या ब्रँडीची ही बाटली घेऊनच. बापानं निरोप दिला होता, त्या भट्टीवाल्याला माझ्याकडून.

“चेरी म्हणजे कसं फळ?” बाबांनी विचारलं.

“करवंदाएवढं. आत एकच बी.”

मी बाटली उजेडात धरली. हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला होता. आत मात्र पाण्यासारखं स्वच्छ, रंगाचा टिपूस नाही. ब्रँडी मी पाहिली होती ती डॉक्टरांकडे, न्युमोनियाच्या रोग्याला चमच्यानं पाजायची, तांबूस. मग काय, माझ्यातला मास्तर जागा झाला.

“चाचा, तुम्हाला फसवलंय. ब्रँडीला रंग असतो. चेरी लाल, मग ही लाल का नाही? हे प्रयोगशाळेतलं स्पिरिट आहे.” मी चमचाभर ओतून काडी लावली. निळी ज्योत उठली. “बघा.”

“मास्तर, काडी लावलीस तर तुझी टोपीपण पेटेल,” चाचा म्हणाले. “म्हणून काय टोपी स्पिरिटची?”

आता चव घेतल्याशिवाय निकाल लागेना, आणि चव घेणार कोण? चाचांना हराम. बाबांना घराण्याचा नियम, भट्टी लावणाऱ्यानं पिऊ नये. पितो त्याचं नाक जातं, असं आजोबांनी शिकवलेलं. उभ्या जन्मात ते घोटभर प्यायले नव्हते. आणि मी तर ग्रॅज्युएट.

आतून आई म्हणाली, “बाटली एक, बापये तीन, नि प्यायला कोण नाय. माझ्या गुडघ्यांना तरी चोळा!”

बाबा उठले. आधी त्यांनी बाहेरच्या माडाच्या बुंध्याशी राखणदाराला, बाग राखणाऱ्या देवाला, चार थेंब सोडले. नवी धार निघाली की आमच्याकडे पहिला मान त्याचा, मग ती धार जर्मनीची का असेना. नंतर तळहातावर थोडी घेतली, दोन्ही हात चोळले, नाकाशी नेले. थांबले. हात वाळू दिले आणि पुन्हा वास घेतला. भट्टीवर हे मी हजारदा पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

“फळाचीच हाय,” बाबा म्हणाले. “आणि बियांसकट आंबवलान. ईदला तुझ्याकडे जर्दाळूची बी फोडतो ना आपण, ता वास येतोय.”

चाचांनी मांडीवर थाप मारली. “मी बोललो काय तुला बियांसकट आंबवल्याचं? त्या पोरानं सांगितलान होतं, बापूस बिया काढीत नाय, थोड्या फोडतोपण.”

बाबा अजून तळहातांचा वासच घेत होते. “पहिली धार टाकून दिलान. ती नाकात टोचते, ही टोचत नाय. शेवटचीपण यात घातलान नाय, नायतर ओल्या फडक्याचा वास मागं राहिला असता. मधलीच ठेवलान. हावरा नाय माणूस.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “रंग घातलान नाय, साखर घातलान नाय. लपवायला काय नाय त्याच्याकडं.”

वर्गात मी फळ्यावर डिस्टिलेशनची आकृती काढत असे, कोणतं द्रव्य आधी निघतं, कोणतं नंतर, मुलांकडून घोकून घेत असे. घरी तांब्याच्या हंड्यात जे चाले ते मुलांना काचेच्या नळीत दाखवताना मला बाप कधी आठवला नव्हता. आणि इथे तो, अक्षर न शिकलेला माणूस, कधी न पाहिलेल्या फळाची, कधी न पाहिलेल्या मुलखातल्या भट्टीची हकिकत दोन तळहातांवर वाचत होता.

मीही तळहात पुढे केला. बाबांनी चार थेंब ओतले. आधी झणका आला, तो उडाला, आणि मागे खरोखरच फळ उरलं, रानातून नुकतं तोडून आणल्यासारखं. रंगाशिवाय, गोडीशिवाय नुसत्या वासात आख्खं झाड उभं करणारा तो म्हातारा मला थोर वाटला.

“तो इंजिनिअर किती शिकलेला आहे?” मी चाचांना विचारलं.

“बड्या कॉलेजात शिकलान. पण रजेत घरी गेला की भट्टीत लाकडं तोच सारतो. फोटू दाखवीत होता सगळ्या बोटीवर. बापूस, भट्टी नि आपण.”

एवढ्यात तांबट आला. त्यानं खांद्यावरची पिशवी आणि भाता अंगणात उतरवला आणि भट्टीकडे जाऊन हंड्याच्या कडेवर टिचकी मारली.

“बाबा,” मी म्हणालो, “देऊ नका.”

“मी त्याला शब्द दिलाय.”

“माझ्यामुळं दिलात.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला लाज वाटते ना भट्टीची?”

इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. चाचा सुपारीच्या डब्यात बघत राहिले.

“वाटत होती,” मी म्हणालो. “आता तुम्हाला तसं बोललो याची वाटते.”

बाबा हंड्याकडे बघत राहिले. तांबट कंटाळला. “काय ता ठरवा लवकर, मला हातखंब्यापर्यंत चालत जायचंय.”

“हंडा न्यायचा नाय,” बाबा म्हणाले. “पण आलायस तर रिकामा जाऊ नको. नळीचा सांधा गळतोय, तेवढा जोडून दे.” मग मला म्हणाले, “आणि मास्तर, उभा काय राहिलायस? त्याचा भाता ओढ.”

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कोळशापाशी बसलो.