लेम्पी सारेला आणि तिसऱ्या कोर्टाची भेग

लेम्पी सारेला आयुष्यात एकदाही टेनिस खेळली नाही. पिकलबॉलही नाही. सत्तावीस वर्षं तिनं काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवले. एकसष्टाव्या वर्षी निवृत्त झाली आणि दोन महिन्यांत घराला वैतागली. तिची बहीण सांगायची, "ही रोज सौनाची वाफेची खोली तापवते आणि रोज तिचं दार दुरुस्त करते. आता त्या दारात दुरुस्त करायला काही उरलेलंच नाही!" त्यामुळे नगरपालिकेला हार्बर पार्कमधल्या कोर्टांसाठी हंगामी माणूस हवाय असं कळताच लेम्पीनं अर्ज टाकला. काम काय, तर झाडणं, जाळ्या बांधणं आणि कचऱ्याचे डबे रिकामे करणं.

आमच्या स्टॅनार्ड बे गावात सगळ्यांना खुली अशी हीच सहा कोर्टं. मागे टेकडी, एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला दरी, पुढे उतार, आणि उतार संपला की लेक सुपीरियर हे समुद्राएवढं तळं. मी तिथे तीस वर्षं टेनिस खेळले. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा पिकलबॉलकडे वळले. लहान कोर्ट, हातात फळीसारखी बॅट आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू. गॉर्डन ट्रेवार्था ह्या माझ्या जुन्या जोडीदारानं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं निम्म्यावर आणलं.

कारण टेनिसवाले आणि पिकलबॉलवाले तेव्हा एकमेकांना पाण्यात पाहत होते. कोर्टं सहा, त्यांतली तीनच धड. सकाळी नऊला गॉर्डन आणि आमची ओडेट ब्युशां फाटकापाशी आमनेसामने उभे ठाकायचे.

"तुमच्या चेंडूच्या त्या टकटकीनं माझी सर्व्हिस बिघडते," गॉर्डन म्हणायचा.

"तुझी सर्व्हिस शहाऐंशी सालापासून बिघडलेली आहे," ओडेट म्हणायची. "तेव्हा इथे पिकलबॉल कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं."

लेम्पी आली त्या एप्रिलमध्ये भांडणात आणखी भर पडली. तिसऱ्या कोर्टावरची भेग पुन्हा उघडली. ती दर वर्षी उघडायची. कंत्राटदार यायचा, डांबर भरायचा, वर हिरवा रंग फासायचा, आणि हिवाळा सरला की भेग आपली पुन्हा हजर, मनगट आत जाईल एवढी. तिच्या दोन्ही बाजूंना जमीन फुगून वर आलेली असायची. दुसऱ्या आणि चौथ्या कोर्टावरही तिचे फाटे गेले होते. उद्यान खात्याची प्रमुख कारा विंटन ही पोरगी कामाची होती, पण तिच्यापुढे तज्ज्ञांचा अहवाल होता: सगळं उखडून नव्याने बांधा, नाहीतर मधली तीन कोर्टं बंद करा. नव्याने बांधायला पैसे नव्हते. म्हणजे काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं.

मे महिन्यात एकदा पावसानंतर मी सहज गेले, तर लेम्पी हातात बादली घेऊन दुसऱ्या कोर्टावर ओणवी झाली होती. पाऊस थांबून तास झाला होता. जिथे जिथे पाणी साचलेलं होतं तिथे ती एक नाणं टाकायची, खाली वाकून बघायची, आणि नाणं पाण्यात पूर्ण बुडलं की त्या डबक्याभोवती खडूनं रेघ मारायची.

"हे काय चाललंय गं?"

"नाणं बुडलं तर जमीन खचलीय. नाही बुडलं तर नुसती ओल," ती म्हणाली. "रस्त्यावर असंच बघायचो आम्ही."

"पण सहाही कोर्टं? असं वाकून?"

"वाकले नाही तर कसं दिसेल, मार्गी?"

संध्याकाळपर्यंत सहा कोर्टांवर शंभरावर खडूचे आकार उमटले. दुसऱ्या पावसात तिनं पिवळा खडू घेतला, तिसऱ्यात निळा. तिनं खेळाचा विचका केला म्हणून गॉर्डननं आधी तिला झापलं. मग तो जाळीपाशी उभा राहून बघत बसला. पांढरं, पिवळं, निळं, तिन्ही रंगांचे आकार एकाच तिरक्या पट्ट्यात गर्दी करून होते. टेकडीच्या कोपऱ्याकडून तिसऱ्या कोर्टावरून तळ्याकडे. मी तीस वर्षं त्या जमिनीवर धावले होते. मला ती सपाट वाटायची.

उन्हाळाभर लेम्पीनं आणखी एक गोष्ट केली. डब्यावर बसून ती बादलीच्या झाकणावर खुणा करायची: कुठल्या वेळी कोण खेळतंय, किती जण ताटकळतायत. जुलैत ती गॉर्डन आणि ओडेटला एकाच बाकावर घेऊन बसली. मध्ये तिनं वेलदोडा घातलेला निसू पाव ठेवला. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी भांडतो, असं तिचं मत.

"पाच आणि सहा नंबर तुमच्या टेनिसवाल्यांना कुणालाच नको असतात," तिनं गॉर्डनला सांगितलं. "दरीकडून वारा येतो म्हणून. सहा आठवड्यांत तिथे टेनिस झालं नऊ वेळा."

"पण ती टेनिसची कोर्टं आहेत!"

"आणि ओडेट, तुमच्या टकटकीचा त्रास होतो तो रस्त्यापलीकडच्या घरांना. दरीकडे घरं नाहीत. त्या दोन कोर्टांत तुमची आठ छोटी कोर्टं बसतील. वाऱ्याला मी जाळीवर कापड बांधते."

"आणि रांगेचं काय? हा माणूस रांगेत कसा घुसतो ते तू पाहिलं नाहीस."

"रांग बॅटींची," लेम्पी म्हणाली. कुंपणावर तिनं आधीच खुंट्यांची ओळ ठोकलेली होती. आलात की बॅट अडकवायची. तिचा नंबर तो तुमचा नंबर. "बॅटी भांडत नाहीत."

गॉर्डननं पावाचा आणखी एक तुकडा तोडला. "लोणी आहे का?" एवढंच त्यानं विचारलं. ओडेटनं ते होकारात धरलं. कारानं आठवड्याभरात परवानगी दिली.

पण भेग होतीच. डिसेंबरच्या बैठकीत मधल्या तीन कोर्टांचा निकाल लागायचा होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी सातला माझा फोन वाजला.

"मार्गी, बूट घाल आणि ये. ऊन यायच्या आत. गॉर्डनला घेऊन ये, ओडेटला मी सांगितलंय."

रात्री पहिला बर्फ पडला होता, बोटभर जाडीचा. मला वाटलं, कुणीतरी जाळी फाडली असेल. आम्ही पोचलो तेव्हा कारासुद्धा आलेली होती, ओले केस टोपीत कोंबून. लेम्पी टेकडीवर उभी होती. तिनं नुसता हात केला, वर या म्हणून.

वर जाऊन मागे वळलो. खाली सहाही कोर्टं पांढरीशुभ्र होती, आणि त्या पांढऱ्यातून एक काळीभोर रेघ गेली होती. हातभर रुंदीची, नदीसारखी वळत. आमच्या पायांपासून निघून ती गवतावरून खाली उतरत होती, कुंपणाखालून जात होती, दुसऱ्या कोर्टाचा कोपरा कापून तिसऱ्याच्या बरोबर मधून आणि चौथ्याच्या कडेनं तळ्याकडे निघाली होती. तेवढ्याच जागेवर बर्फ टिकला नव्हता. बाकी सगळीकडे होता, रेघेला अगदी लागून.

 गॉर्डननं टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी चर्चमध्ये वाढलेली बाई आहे, पण अंगावर असा काटा मला तिथे क्वचितच आला असेल. त्या रेघेवर मी किती सकाळी उभी राहून चेंडू उडवला होता, आणि खाली काहीतरी चाललेलं होतं, स्वतःच्या वाटेनं, आमची दखलही न घेता.

"झरा आहे," लेम्पी हळू आवाजात म्हणाली. "जमिनीच्या पोटातलं पाणी ह्या दिवसांत वरच्या मातीपेक्षा ऊबदार असतं. म्हणून वरचा बर्फ वितळला. पुढे कडाका पडला की त्याच्या काठची ओली माती गोठते, फुगते आणि कोर्ट उचलते. भेग आपण वरून बुजवत होतो. ती येत होती खालून."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" कारानं विचारलं.

"माहीत नव्हतं. मे महिन्यापासून वाटत होतं. पहिल्या बर्फाची वाट बघत होते."

मग तिनं खिशातून नारिंगी फिती बांधलेल्या काड्या काढल्या, आणि आम्ही पाचही जण ऊन वर येईपर्यंत टेकडीच्या गवतात त्या रेघेच्या कडेनं काड्या रोवत गेलो. साडेआठला बाकीचाही बर्फ वितळून रेघ पुसली होती. काड्या राहिल्या.

डिसेंबरच्या बैठकीत लेम्पी दोन मिनिटंसुद्धा बोलली नाही. तिनं त्या सकाळचा फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाली, "कोर्टं उखडू नका. टेकडीच्या पायथ्याशी मला एक चर खणू द्या. पाण्याला दुसरा रस्ता दिला की ते हट्ट करत नाही." सभागृहात एका म्हाताऱ्यानं हात वर केला. खाणीत काम केलेला आर्वो निएमी, वय त्र्याण्णव. "तिथे ओढा होता," तो म्हणाला. "माझी आई त्यात दुधाचे डबे गार करायची. कोर्टं बांधली तेव्हा त्यांनी माती टाकून बुजवला." तो खाली बसला. चराला मंजुरी मिळाली.

मेच्या अखेरीस, जमीन मोकळी झाल्यावर, जमिनीखालच्या तारा आणि नळ तपासणारे येऊन रंगाच्या खुणा करून गेले. मग लेम्पीनं नगरपालिकेचं खोदयंत्र स्वतः चालवायला घेतलं. आम्ही वीसेक जण कुंपणाला लागून उभे होतो. चार फुटांवर निळसर चिकणमाती लागली. पाचव्या फुटावर ती चकाकली. लेम्पीनं यंत्र बंद केलं आणि फावडं घेऊन खाली उतरली. दोन-तीन फावडी माती काढली असेल, आणि चराच्या भिंतीतून पाणी आलं. धो धो नाही. शांत, नितळ, मनगटाएवढी धार, कसलाही गाळ नसलेली. तिनं हातमोजा काढून त्याखाली हात धरला आणि तशीच उभी राहिली.

"लेम्पी, ठीक आहेस ना?" ओडेटनं वरून विचारलं.

"किती गार आहे," ती म्हणाली. दुसरं काही नाही. ओडेटच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती वाऱ्याला दोष देत होती.

चरात खडी आणि भोकांचा नळ टाकून पाणी कोर्टांना वळसा घालून दरीकडे नेलं. जुलैच्या कोरड्या उन्हात भेग कापून, भरून, वर कापडाची पट्टी चिकटवून रंग दिला. आणि मग हिवाळा येऊन जाईपर्यंत थांबण्याखेरीज काही करण्यासारखं नव्हतं. त्या वर्षी गोठवणारा जानेवारी आला. तळं किनाऱ्यापासून दोन मैल गोठलं. गॉर्डन दर रविवारी कुंपणापर्यंत चालत जायचा आणि बर्फाखाली काय आहे ते दिसत नाही म्हणून चिडून परत यायचा.

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी बर्फ गेला. तिसरं कोर्ट एकसंध होतं. गॉर्डन गुडघ्यांवर बसून बोट फिरवत राहिला.

"कुठे होती गं ती?" त्यानं विचारलं.

लेम्पीनं दोन पावलं इकडे टाकली, दोन तिकडे, मग मान हलवली. "सापडत नाही रे मलाही."

कारानं तिला कायमची नोकरी दिली. तिनं घेतली, पण मार्च महिना सुट्टीचा हवा अशी अट घातली, कारण मार्चात ती बहिणीबरोबर मासे धरायला जाते. शेजारच्या दोन गावांनी तिला आपली कोर्टं दाखवायला बोलावलं. ती बादली घेऊन गेली. एका गावाला तिनं सांगितलं, तुमच्याकडे काही झालेलं नाही, फक्त झाडत जा.

परवा जानेवारीत, उणे वीस तापमानात, मी तिच्याबरोबर दरीकडे गेले होते. सगळं जग दगड झालेलं, आणि नळाच्या तोंडातून पाणी वाहत होतं, वाफ निघाल्यासारखं दिसत होतं. कडेच्या बर्फावर पक्ष्यांच्या पावलांची दाटी. आम्ही असताना एक मिंक आलं, मुंगसासारखं, काळं, ओलं, चपळ. आमच्याकडे बघून त्यानं ठरवलं की आम्ही काही महत्त्वाचे नाही, आणि निवांत पाणी प्यालं.

"सत्तावीस वर्षं ह्याच्या वरच्या रस्त्यावरून ट्रक नेला मी," लेम्पी पुटपुटली. "आणि हे खालून जात होतं. रोज."

 पाय बधिर व्हायला लागले होते, पण आम्ही दोघी बराच वेळ तिथून हललो नाही.